मुंबई ते लंडन 7,213 किलोमीटर: हा आकडा येतो कुठून?

साताऱ्याहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत जेमतेम 200 किलोमीटर, पण खंबाटकी, कात्रज, खंडाळा करत रस्त्याने तेच 250 च्या घरात जातं. तिथून पुढे लंडनला घाट नाहीत, तरी तिथली ‘सरळ रेष’ नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही.

दोष नकाशाकार मर्केटरचा. 1569 चा त्याचा नकाशा दर्यावर्दींसाठी होता: होकायंत्राची दिशा न बदलता जाण्याची वाट त्यावर सरळ दिसते. त्या वाटेने लंडन सुमारे 7,410 किलोमीटर पडतं. गोलावरची सर्वात जवळची वाट बृहद्वृत्ताची, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळाची. नकाशावर ती उत्तरेकडे फुगलेली दिसते, पण जवळपास 200 किलोमीटर वाचवते.

ती मोजायचं हत्यार आपल्या ओळखीचं आहे. आर्यभटाने 499 च्या सुमारास ‘ज्या’ची, म्हणजे साइनची, कोष्टकं दिली. सूर्यसिद्धांतात उत्क्रमज्याही आहे, म्हणजे त्रिज्येतून कोज्या (कोसाइन) वजा केल्यावर उरते ती. तिचंच अर्धं म्हणजे हॅव्हरसाइन. हे नाव इंग्लंडच्या जेम्स इनमनने 1835 मध्ये रूढ केलं. ही संख्या कधी ऋण होत नाही, त्यामुळे जहाजावर लॉगॅरिदमच्या कोष्टकांनी भागत असे. शिवाय जवळच्या अंतरांना कोज्येचं सूत्र दशांश गिळतं, तसं इथे होत नाही.

मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, हीथ्रो 51.47 उत्तर, 0.46 पश्चिम. अक्षांशांच्या फरकाच्या निम्म्याची ज्या घेऊन तिचा वर्ग करा. रेखांशांच्या फरकाच्या निम्म्याचंही तसंच करून त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोज्यांनी गुणा. बेरीज 0.2876, वर्गमूळ 0.5363, तेवढी ज्या असलेला कोन 32.43 अंश, दुप्पट 64.87. एका अंशाला 111.195 किलोमीटर (त्रिज्या 6,371 धरून), झाले 7,213. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याने यात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. ती नको असेल तर विन्सेंटीचं 1975 चं सूत्र आहे. वैमानिक मात्र सागरी मैलात बोलतात; 1929 पासून तो 1,852 मीटर.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. पश्चिम रेखांश ऋण न धरणं ही उघड चूक. दुसरी लपून बसते: 51 अंश 28 मिनिटं हे 51.28 लिहिलं की एका फटक्यात वीस किलोमीटर सरकलात. खरं ते 51.47.

अंतर असं पक्कं बसतं, वेळ बसत नाही. 1920 च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशीने फुगे सोडून उंचावरचे जोरदार पश्चिमी वारे मोजले आणि 1926 मध्ये ते एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापले, म्हणून फारसं कुणी वाचलं नाही. 1944 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकी विमानं त्यात सापडली. ताशी 900 च्या विमानाला समोरून सरासरी 80 चा वारा धरा: आठ तासांचे पावणेनऊ होतात. परतीला तोच वारा पाठीशी, म्हणून साडेसातच्या आत. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं-उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास मिळवा. वाटही कागदावरची नसते. 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं आकाश बंद होतं, तेव्हा युरोपची विमानं वळसा घालून गेली.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. मुंबईहून दुपारी दीडला सुटून लंडनला संध्याकाळी सहाला पोचणारं विमान साडेचार तासांत जात नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यात साडेचार तास मिळवायचे, एरवी साडेपाच.