ट्रॅकर टॅग की चोर-अलार्म? बॅगेला नक्की काय लावायचं

इंदूरला जेल रोडच्या मोबाईलच्या दुकानांत या दोन्ही वस्तू शेजारी-शेजारी लटकलेल्या असतात, दोन्ही छोट्या, दोन्ही बॅगेला अडकवायच्या, आणि दोन्ही वाजतात, म्हणून लोकांना वाटतं की एकच प्रकार आहे. तसं नाहीये.

अलार्म चोरी होताना ओरडतो. काहींत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, काहींत नुसती पिन, ती ओढली गेली की सायरन सुरू, पाकिटावर बहुतेक 110 डेसिबल वगैरे छापलेलं असतं. ना फोन लागतो ना नेट. पण चोर आवाजासकट पळाला आणि कोणी अडवलं नाही तर मग त्याचा काही उपयोग नाही.

ट्रॅकर उलटा. बॅग उचलली तरी तेव्हा तो गप्पच राहतो. त्याची बारीकशी बीप घरात चाव्या शोधायला आहे, चोराला घाबरवायला नाही. अ‍ॅपलचा ट्रॅकर, एअरटॅग, 2021 मधे आला, गुगलचं अँड्रॉइडवालं नेटवर्क 2024 मधे. यात जीपीएसही नाही, सिमही नाही, तो ब्लूटूथवर सिग्नल सोडत राहतो आणि जवळून जाणाऱ्या कोणाच्याही फोनने (एअरटॅग असेल तर आयफोनने, गुगलवाला असेल तर अँड्रॉइडने) तो पकडला की त्या फोनच्या लोकेशनवरून तुम्हाला जागा दिसते.

म्हणजे आजूबाजूला माणसं किती आणि ती काय करतायत यावर सगळं आहे. रंगपंचमीच्या गेरमधे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर डीजे आणि ढोलाच्या आवाजात अलार्म कोणाला ऐकू येणार? पण तीच गर्दी ट्रॅकरच्या कामाची, हजारो फोन फिरतायत. अँड्रॉइडचं तर डिफॉल्ट सेटिंगच असं आहे की वर्दळीच्या जागी, बऱ्याच फोनांना टॅग दिसला तरच लोकेशन कळवायचं.

रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसमधे मात्र मला अलार्मच हवा. डबा झोपलेला, सायरन वाजला की आठ बर्थवरचे आठ जण उठून बसतात, आणि चोराला नेमकं तेच नको असतं. फक्त इथे सेन्सरवाला घेऊ नका हो, गाडीच्या हादऱ्यांनी तो रात्रभर वाजेल आणि शेवटी तुम्हीच बंद करून झोपाल. पिनवाला घ्या, अलार्म बॅगेला आणि पिनेची दोरी बर्थखालच्या कडीला बांधा, साखळी-कुलूप लावताच ना, त्याच्याच बाजूला.

सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, दुचाक्या हँडलला हँडल लावून उभ्या असतात, तिथे सेन्सरवाल्या डिस्क लॉकला (चाकाच्या ब्रेक-डिस्कला लावायचं अलार्मवालं कुलूप) शेजारच्याचा धक्का लागूनही वाजायला होतं, मग कोणी वळून बघत नाही. तिथे लॉक म्हणूनच त्याचा उपयोग जास्त.

ट्रॅकरबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कोणाच्या नकळत पाळत ठेवता येऊ नये म्हणून फोन स्वतःच सांगतो की अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय, 2024 पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे, आणि हे चोराच्या फोनलाही लागू आहे, तो टॅग काढून फेकू शकतो. म्हणून लोकेशन दिसलं की लगेच स्क्रीनशॉट काढून सरळ पोलीस ठाण्यात जा, एकट्याने त्या पत्त्यावर जाऊ नका, प्लीज.

आणि एअरटॅगचा सेल, सीआर2032, साधारण वर्षभर चालतो. नवीन घेताना कडू लेप (मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर असतो) नसलेला बघून घ्या, लेपवाला काही वेळा त्यात चालत नाही.