वलय, सर्पिल आणि मळसूत्र

गोल फिरणाऱ्या आकारांसाठी मराठीत शब्दांना तोटा नाही: कडे, वलय, कंकण, खळे, वेटोळे, आवर्त, सर्पिल, मळसूत्र. बोलताना एकाच्या जागी दुसरा खपतो, शास्त्रीय लेखनात खपत नाही.

वलय स्वतःलाच येऊन मिळते. शनीची कडी, कंकणाकृती ग्रहणातला सूर्य, चंद्राभोवतीचे सुमारे २२ अंश त्रिज्येचे खळे ही सगळी वलयेच. झाडाच्या खोडात मात्र मोजताना फसगत होते. तिथे एक फिकट आणि एक गडद पट्टा मिळून एक वर्ष धरायचे. दोन्ही सुटे मोजले की वय दुप्पट निघते. अवर्षणात खुंटलेली वाढ त्याच हंगामात पुन्हा सुरू झाली, तर खोटे वलयही उमटते.

सर्पिल मिटत नाही. सपाट पृष्ठावर केंद्रापासून दूर जात राहते. आर्किमिडीजच्या सर्पिलात लगतच्या फेऱ्यांमधले अंतर सारखे असते, लॉगरिदमी सर्पिलात ते दर फेऱ्याला ठरावीक पटीने वाढते. नॉटिलस या सागरी प्राण्याचा शिंपला दुसऱ्या प्रकारचा. त्याला ‘सुवर्ण सर्पिल’ म्हणण्याची हौस दांडगी, पण तो एका फेऱ्यात साधारण ३ पट रुंदावतो. सुवर्ण सर्पिलाला जवळजवळ ६.८५ पट लागते.

मळसूत्र म्हणजे स्क्रूचा आटा: त्रिज्या कायम, वाट अक्षाच्या दिशेने पुढे. डीएनए हे दुहेरी मळसूत्र आहे, व्यास सुमारे २ नॅनोमीटर आणि एक फेरा सुमारे ३.४ नॅनोमीटर. त्याला ‘सर्पिल’ म्हणणे रूढ असले तरी ढिले आहे, कारण या दोन आकारांत डावे-उजवे वेगळ्या रीतीने ठरते. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत आपल्यापासून दूर जाणारे मळसूत्र उजवे, आणि ते कोणत्याही टोकाकडून पाहिले तरी उजवेच राहते. सपाट सर्पिल मागून पाहिले की उलटते. म्हणून सर्पिल दीर्घिकेचे वळण सांगताना ‘आपल्या बाजूने पाहता’ हे जोडावे लागते.

शंखाबाबत गोंधळ धरण्याच्या पद्धतीतून येतो. प्राणिशास्त्रात शिखर, म्हणजे वेटोळी जिथून सुरू होतात ते टोक, वर आणि तोंड आपल्याकडे धरतात. तोंड उजव्या हाताला आले तर शंख उजवा. परंपरेत शिखर खाली ठेवून पाहतात. त्यामुळे दुर्मीळ ‘दक्षिणावर्ती’ शंख प्राणिशास्त्राच्या नोंदीत डावा ठरतो.