द्राक्षाचा प्लॉट सापडतो, मग कोकोचा मळा का नाही?

कॉलेज रोडच्या दुकानात लेकीच्या वाढदिवसाला वाटायला चॉकलेटं घेतली की मी पाकीट उलटं करून बघते. हिरवा ठिपका, वजन, किंमत, उत्पादनाची तारीख, कारखान्याचा पत्ता, सगळं असतं. कोको कुठल्या देशाचा आणि त्याच्या शेंगा कुणी फोडल्या, एवढंच नसतं.

तो हिरवा ठिपका सक्तीचा करणारा नियम २००१ साली निघाला. योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत बड्या चॉकलेट कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या. हार्किन आणि एंगेल या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने तो ओळखला जातो. कोकोच्या मळ्यांतली बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं संपवू आणि जुलै २००५ पर्यंत त्यासाठी प्रमाणपत्राची पद्धत उभी करू, असं कंपन्यांनी कबूल केलं होतं. कायद्याची सक्ती मात्र त्यांनी टाळून घेतली. मुदत २००८ वर गेली, मग २०१० वर, आणि पुढे ‘संपवू’ जाऊन ‘२०२० पर्यंत ७० टक्के कमी करू’ आलं. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेचा अहवाल आला. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत कोकोच्या कामात सुमारे १५ लाख ६० हजार मुलं होती. जगातला निम्म्याहून जास्त कोको याच दोन देशांतून येतो. हिरवा ठिपका मात्र कुठल्या मुदतवाढीशिवाय पाकिटापाकिटावर दिसतो. कायद्याने सांगितलेलं आणि मर्जीवर सोडलेलं यांतला फरक मला इथे दिसतो.

प्रश्न फार जुना आहे. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार थांबवण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा तिथल्या लाखो लोकांनी गुलामांच्या मजुरीवरची वेस्ट इंडीजची साखर सोडली. पुढे १८२० च्या दशकात ब्रिटनमधल्या टेबलांवर साखरेची भांडी आली, त्यांवर लिहिलेलं असे: ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली’. म्हणजे आपल्याकडची साखर तेव्हा स्वच्छ मालाची खूण झाली होती! पण इथे गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा १८४३ चा. गावगाड्यातली वेठबिगारी तर त्यानंतरही चालू राहिली. महार वतनाच्या नावाखाली रात्री-बेरात्री राबवून घेण्याविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात १९२८ साली विधेयक आणलं, आणि ती वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. लंडनच्या त्या भांड्यावर यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं. लेबल लावणारा जिथवर बघतो, तेवढंच लेबल बोलतं.

चॉकलेटलाही हाच इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडबरीचा बराच कोको साओ तोमे या पोर्तुगीज बेटावरून येई. अंगोलातून ‘कराराने’ आणलेले मजूर तिथे राबत, आणि करार संपला तरी माणूस घरी परतत नसे. कंपनीला हे १९०१ पासून कानावर येत होतं. एका वर्तमानपत्राने ते छापल्यावर कंपनीने बदनामीचा दावा लावला. १९०९ मध्ये बर्मिंगहॅमच्या ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, पण भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. त्याच वर्षी कंपनीने साओ तोमेची खरेदी थांबवली आणि गोल्ड कोस्टकडे मोर्चा वळवला. आजचा घाना तो हाच.

कोकोची शेंग कोयत्याने फोडतात. नाशिक-नगरच्या वाचकाला कोयता समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, आणि मुकादम त्या कोयत्यावर हंगामाआधी उचल देतो. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत हीच उचल उलटी करून लावली गेली. ‘सुमंगली’ नावाच्या योजनेत कोवळ्या वयाच्या मुलींना तीन वर्षांसाठी वसतिगृहात ठेवायचं आणि हुंड्यापुरती रक्कम शेवटी एकदम द्यायची. मधेच सोडलं तर ती रक्कम गेली. त्या सुताचं कापड अंगावर घालणाऱ्याला हे कळायला मार्गच नसतो. आपल्या मालेगावचंच बघा. मागावर विणलेलं ग्रे, म्हणजे कोरं कापड ट्रकमध्ये भरून प्रक्रियेसाठी राजस्थानात पाली-बालोत्र्याला जातं, तिथून शिलाईला आणखी कुठे. मेन रोडवर शर्ट हातात येईपर्यंत त्याची पाच-सहा गावं झालेली असतात आणि कॉलरच्या लेबलवर शेवटचंच नाव उरतं.

कायदा आपल्याकडे तोकडा नाही. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. १९८२ साली आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी आली, पण घरच्या धंद्यातली ‘मदत’ वगळली. ही फट मला अजून खटकते. आणि एवढं सगळं असताना २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी मुलीचा जीव गेला, तेव्हा कळलं की थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन मुलं मेंढपाळांकडे राबायला नेली जात होती. नाशिकहून तासाभराच्या रस्त्यावर!

मागोवा लागतच नाही, हे मला पटत नाही. आपण तो रोज लावतो. २००६ पासून अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय यंत्रणेवर युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची नोंद होते. रॉटरडॅमला उतरलेली पेटी दिंडोरी-निफाडच्या कुठल्या प्लॉटमधली, हे नोंदीवरून काढता येतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडून कंटेनर अडकले, तेव्हा बागायतदारांनी किती सोसलं ते पिंपळगावात कुणालाही विचारा. पण त्यानंतर रेसिड्यूचा, म्हणजे औषधांच्या अंशांचा रिपोर्ट हा शब्द बांधाबांधावर गेला. घेणारा नाही म्हणाला की हिशेब ठेवता येतो. गालिच्यांच्या बाबतीत कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने १९९४ मध्ये रगमार्कची खूण आली, ती याच रस्त्याने. आज चॉकलेटवर फेअरट्रेडची खूण असेल तर शेतकऱ्याला किमान भाव बांधलेला असतो. गॉट्सची खूण असलेल्या सुती कपड्यात सेंद्रिय धाग्याबरोबर गिरणी ते शिलाईपर्यंतच्या कामगारांच्या अटी तपासलेल्या असतात. दोन्ही खुणा नाशिकच्या दुकानांत क्वचित दिसतात. मी दुकानदाराला दर वेळी विचारते. केरळ-आंध्रातला कोको वापरणारे आणि मळ्याचं नाव छापणारे छोटे चॉकलेटवाले त्यातूनच मला सापडले.

आता हाच प्रश्न उलट दिशेने आपल्याकडे येतो आहे. ग्रेपनेट औषधांचे अंश बघतं. द्राक्षाचे घड विरळ करायला आणि औषधात बुडवायला पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातून उतरलेल्या मजुरांच्या टोळीला उचल किती दिली आणि तिच्यासोबतची पोरं दिवसभर कुठे असतात, हे ते विचारत नाही. सक्तीच्या मजुरीने तयार झालेला माल विकायला बंदी करणारा कायदा युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला आणि तो डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. त्या वर्षीची ऑक्टोबर छाटणी झालेली असेल, आणि त्याच बागांमधला माल जानेवारीपासून बंदरावर जायला लागेल.