नवतपा गळला म्हणून पावसाळा बुडत नाही

नवतप्यात पाणी पडलं की तापलेली जमीन निवते आणि पुढचा पावसाळा बिघडतो, हे नागपुरात दर मे महिन्यात ऐकू येतं. हे खरं नाही.

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. तिथून पहिले नऊ दिवस म्हणजे नवतपा. तेव्हा सूर्य जवळ येतो असं म्हणतात, पण तसं नसतं. उलट जुलैच्या सुरुवातीला तो आपल्यापासून सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असतो. ऊन भाजतं ते २६-२७ मेच्या आसपास दुपारी सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो आणि राजस्थानाकडून कोरडा वारा वाहतो म्हणून.

याच तापलेल्या हवेत बंगालच्या उपसागराकडून ओल शिरली की ढग उंच वाढतो. पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत विरतात, ती हवा थंड आणि जड होऊन जमिनीवर आदळते. म्हणून आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब. धरमपेठेत धो धो, तर मानेवाड्यात रस्ता कोरडा! तासाभराच्या, काही किलोमीटरच्या अशा वादळानं अख्ख्या उपखंडाची उष्णता कशी निवेल? मोसमी पावसावर प्रभाव असतो तो हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या तापमानाचा.

घरात मात्र कूलर लगेच बिघडल्यासारखा वाटतो. दमट हवेत ताट्यांवरचं पाणी सुकत नाही, नुसती चिकचिक होते. पंप बंद करून पंखाच चालवा, समोरची खिडकी उघडी ठेवा. बाहेर असाल तर झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच राहा.