चेहरा पिवळा कशाला? जर्मन चित्रकार किर्शनरच्या एका पोर्ट्रेटमागची गोष्ट

एक्स्प्रेशनिस्ट, म्हणजे दिसतं तसं नाही तर मनाला वाटतं तसं रंगवणाऱ्या चित्रकाराच्या पोर्ट्रेटसमोर उभं राहिलं की बहुतेकांना पहिला प्रश्न हाच पडतो, माणसाचा चेहरा असा हिरवा-पिवळा का? प्रश्न रास्त आहे, पण त्यासाठी १८८८ पर्यंत मागे जावं लागतं. त्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये आर्लला असलेला व्हॅन गॉग एका चित्रकार मित्राचं पोर्ट्रेट करायचं ठरवत होता आणि त्याने भावाला पत्रात लिहिलं की केस आहेत त्यापेक्षा जास्त सोनेरी करणार, पार नारिंगी, फिक्या लिंबूपर्यंत नेणार, आणि मागे खोलीची भिंत न दाखवता गडद निळं अनंत रंगवणार. म्हणजे रंग कातडीवरून नाही, त्या माणसाबद्दल जे वाटतं त्यावरून ठरला!

१९०५ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ आणि ब्लाइल या आर्किटेक्चर शिकणाऱ्या चार पोरांनी 'ब्र्युके' म्हणजे 'पूल' नावाचा ग्रुप काढला, त्याच वर्षी तिथल्या गॅलरीत व्हॅन गॉगची चित्रं लागली आणि ही मंडळी भारावून गेली. किर्शनर तर पुढे ऑइल कलर पेट्रोल घालून पातळ करायचा, म्हणजे ब्रश भराभर पळतो आणि रंग चकाकत नाही.

मग पहिलं महायुद्ध आलं. किर्शनर तोफखान्यात गेला, थोड्याच दिवसांत पार खचला, आणि १९१५ मध्ये त्याने सैनिकाच्या वेशातलं सेल्फ पोर्ट्रेट केलं. निळा युनिफॉर्म, खांद्यावर ७५ नंबर, ओठात सिगरेट, चेहरा आजारी पिवळा, आणि डोळ्यांत बुबुळंच नाहीत. उजवा हात मनगटापाशी तुटलेला! खरं तर त्याचा हात शाबूत होता, चित्रकाराला आपला हात गेल्यासारखं वाटणं म्हणजे काय हे तो सांगत होता. हे चित्र बघताना मी आधी त्या लालभडक टोकाकडे बघते, मग तिथून चेहऱ्याकडे जाते, आणि मग तो पिवळा विचित्र वाटतच नाही, दुसरा कुठला रंग तिथे बसलाच नसता.

नाझींनी म्युझियममधून त्याची ६३९ कामं उचलली, १९३७ मध्ये म्युनिकला 'अवनत कला' म्हणून जे प्रदर्शन भरवलं त्यात हे पोर्ट्रेटही टांगलं. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळ किर्शनरने आत्महत्या केली. त्याच सुमारास व्हिएन्नाहून वॉल्टर लँगहॅमर हा चित्रकार नाझींपासून जीव वाचवून मुंबईत आला, टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टर झाला, आणि रझा, आरा यांच्यासारखी तरुण चित्रकार मंडळी त्याच्याकडे जमायला लागली.