"मुलगा आहे, उशिराच बोलणार", खरंच?

"अगं थांब जरा, त्याचा बाबा पण चार वर्षांचा झाल्यावर बोलला." हे घराघरात ऐकू येतं. काही मुलं उशिरा बोलतात आणि पुढे सगळं नीट होतं, मान्य, पण आपलं मूल त्यातलंच आहे हे नुसतं बघून आजीलाच काय डॉक्टरांनाही सांगता येत नाही, म्हणून तर तपासायचं.

आणि नुसते शब्द मोजत बसू नका. दीड वर्षाचं मूल विमानाकडे बोट दाखवतं आणि वळून तुमच्याकडे बघतं, तू पण बघितलंस ना, असं. ते बोट नसेल, वळून बघणं नसेल, हाकेला ओ नसेल तर आधी कान तपासा (कुकरच्या शिट्टीला दचकतो म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही हं), मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांची वाढ, बोलणं, वागणं बघणारे बालरोगतज्ज्ञ) गाठा, कारण ही ऑटिझमची खूण असू शकते, म्हणजे मेंदूची वाढ वेगळी झाल्याने बोलण्यात आणि इतरांत मिसळण्यात येणारा फरक. ऑटिझम रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही, मुलाला खेळताना बघून आणि आईबाबांशी बोलूनच ठरतं. १६ ते ३० महिन्यांसाठी एम-चॅट ही २० प्रश्नांची यादी आहे, पण ती फक्त चाळणी, निदान नाही.

खर्चाचं टेन्शन असेल तर २०१३ पासून सरकारची बालस्वास्थ्य योजना आहे, अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला सांगा, ते जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं सरकारी केंद्र) पाठवतात, तिथे मोफत असतं. तिथे नंबर लागेपर्यंत स्पीच थेरपी सुरू करता येते, त्यासाठी निदानाचा कागद हातात यायची वाट बघायची गरज नाही.