हवाई गॅमा सर्वेक्षण

विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून जमिनीचा नैसर्गिक किरणोत्सार मोजून खडक व माती यांचा नकाशा करण्याची भूभौतिकी पद्धत. ऑस्ट्रेलियातील रेंजर येथील युरेनियमचा साठा १९६९ मध्ये अशाच उड्डाणांतून सापडला. भारतात हैदराबाद येथे मुख्यालय असलेले परमाणु खनिज संचालनालय अशी सर्वेक्षणे करते. तरीही हिला केवळ युरेनियम शोधण्याचे साधन मानणे म्हणजे तिचे अर्धेच मोल ओळखणे होय.

खडकांतून येणारे गॅमा किरण मुख्यतः पोटॅशियम, युरेनियम व थोरियम यांच्यामुळे असतात. पोटॅशियम-४० चा किरण त्याच्या १.४६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेवरून थेट ओळखता येतो. युरेनियम आणि थोरियम यांचे प्रमाण मात्र त्यांच्या क्षयमालिकांतील (किरणोत्सारी क्षयातून एकामागून एक बनणाऱ्या मूलद्रव्यांच्या साखळ्यांतील) अनुक्रमे बिस्मथ-२१४ व थॅलियम-२०८ यांच्या किरणांवरून काढावे लागते. युरेनियमच्या मालिकेत मध्येच रेडॉन हा वायू येतो आणि तो मातीतून निसटू शकतो. म्हणून या अप्रत्यक्ष आकड्याला ‘सममूल्य युरेनियम’ म्हणतात.

विमानात सोडियम आयोडाइडचे मोठे स्फटिक बसवलेले असतात. गॅमा किरण शोषला गेला की स्फटिकात क्षणभर प्रकाश चमकतो आणि त्या चमकेच्या तीव्रतेवरून किरणाची ऊर्जा कळते. साधारणतः दर सेकंदाला एक नोंद होते; तेवढ्यात विमान ५०-६० मीटर पुढे गेलेले असते. उड्डाण जमिनीपासून १०० मीटरच्या आसपास ठेवतात, कारण उंची वाढली की हवा किरण शोषून घेते. वैश्विक (अवकाशातून येणारे) किरण, हवेतला रेडॉन आणि खुद्द विमानाचा किरणोत्सार नोंदींतून वजा करावा लागतो.

यंत्राला दिसतो तो जमिनीचा जेमतेम वरचा अर्धा मीटर. पाणी किरण अडवते, म्हणून तळी व रुंद नद्या नकाशावर काळ्या उमटतात. नुकताच पाऊस झाला असेल तर ओल्या मातीमुळे आकडे उतरतात.

प्रचलित नकाशात पोटॅशियम लाल, थोरियम हिरवे आणि युरेनियम निळे दाखवतात. ग्रॅनाइटमध्ये तिन्ही भरपूर, म्हणून तो उजळ दिसतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तिन्ही कमी असल्याने तो काळपट उमटतो. खडक कुजत गेला की पोटॅशियम पाण्याबरोबर वाहून जाते, थोरियम मात्र बहुधा मागे राहते. त्यामुळे जांभ्याचे पठार हिरवट दिसू शकते. केरळच्या चवरा किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूत थोरियम ठळक असते. नदीचा गाळ आपल्या मूळ खडकाची खूण सोबत आणतो, म्हणून काठावरचा रंग खालच्या खडकाचाच आहे असे गृहीत धरता येत नाही. तिथे जमिनीवर उतरून नमुने तपासावेच लागतात.